हिरवा ठिपका

क्षितिजपार जागतिक विद्यापीठाच्या परिपत्रकानुसार इजिप्तमधल्या झगाझिगचे उस्ताज, म्हणजे मास्तर, हिल्मी हे विद्यापीठातले सर्वांत यशस्वी मार्गदर्शक होते. यश मोजायची रीत सोपी होती. ज्याचे विद्यार्थी सुखी, तो मार्गदर्शक चांगला. आणि हिल्मींचे विद्यार्थी एकजात सुखी होते. त्यांच्यातल्या एकीचा नवरा आखातात जाऊन तिकडचाच झाला होता, एकाच्या घराला मधोमध तडा गेला होता, एकाला सख्ख्या भावानं दुकानातून बाहेर काढलं होतं. तरी सुखी. विद्यापीठानं हिल्मींना प्रशस्तिपत्र पाठवलं; छापून मात्र ज्याचं त्यानं घ्यायचं होतं. हिल्मींनी ते छापलं, चौकटीत बसवलं आणि बैठकीच्या खोलीत फ्रिजच्या वर टांगलं, कारण भिंतीवर तेवढीच जागा उरली होती.

या विद्यापीठाला इमारत नव्हती. त्याची नोंदणी कुठल्याशा बेटावर होती, प्राध्यापक जगभर विखुरले होते आणि डोकं उत्तरेकडच्या एका थंड शहरात होतं. हिल्मींनी उभा जन्म सरकारी शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवलेला. निवृत्तीनंतर घरात बसून बायकोच्या स्वयंपाकात सूचना करू लागले, तेव्हा बायकोनंच, म्हणजे समीहानं, त्यांना हे काम शोधून दिलं. काम असं, की पडद्यावर विद्यार्थ्यांशी बोलायचं, त्यांना धीर द्यायचा, कुणाचं अडलं तर वाट दाखवायची. 'धीर' हा शब्द अर्थात करारात नव्हता. करारात 'भावनिक सातत्याचे व्यवस्थापन' असं होतं. विद्यार्थ्याला प्रत्यक्ष भेटायला सक्त मनाई होती, कारण त्यानं शिक्षणाचं आंतरराष्ट्रीय स्वरूप बिघडतं. मग तो विद्यार्थी समोरच्या गल्लीत का राहत असेना.

विद्यार्थ्यांच्या सुखदुःखाची खबर ठेवायला 'सोबती' नावाची यंत्रणा होती. दर रविवारी सकाळी सोबती प्रत्येकाला विचारायची, 'आज तू कसा आहेस? मनमोकळेपणाने सांग.' उत्तर वाचून ती नावापुढे ठिपका टाकायची. सुखी असेल त्याला हिरवा, दुःखी असेल त्याला लाल. मदत फक्त लाल ठिपक्याला मिळायची. मुदतवाढ, फेरपरीक्षा, सवलत, सगळं लालला. हिरव्याला शुभेच्छा मिळायच्या, त्याही आपोआप.

आता आमच्या झगाझिगात, किंबहुना नाईलच्या काठी कुठंही, 'कसा आहेस' याला उत्तर एकच. अल्हम्दुलिल्लाह. देवाची कृपा. माणूस पाय प्लास्टरमध्ये घालून पडला असेल, तरी अल्हम्दुलिल्लाह. वाईट आहे म्हणावं कसं? वर बसलेला ऐकतो आहे. तो म्हणेल, असं का, थांब, वाईट म्हणजे काय ते दाखवतोच तुला. त्यामुळे आधी देवाची कृपा होते, मग चहा होतो, मग दुसरा चहा होतो, आणि पाहुणा उठून दारात बूट घालायला लागला की एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत खरी गोष्ट बाहेर पडते. मुलगा पास नाही झाला, किंवा डॉक्टरनं गाठ सांगितली आहे. सोबतीकडे चहा नव्हता आणि दारही नव्हतं.

उत्तरेकडच्या विद्यार्थ्यांचं तसं नव्हतं. तिथल्या एका गड्यानं रविवारी लिहिलं होतं, की पाऊस पडतो आहे आणि आपलं मांजर आपल्याशी पूर्वीसारखं वागत नाही. त्याला ताबडतोब लाल ठिपका मिळाला, निबंधाला मुदतवाढ मिळाली आणि मांजराच्या प्रकृतीची चौकशी करणारं पत्रही गेलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना तहानीची परीक्षा आली.

तहानी सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. हिल्मींच्या विद्यार्थ्यांत तिच्याइतकी हुशार दुसरी कुणी नव्हती, आणि हिल्मी हे कुणाला सांगत नसले तरी समीहाला रोज जेवताना सांगत. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी ती तीन वर्षं करत होती. दिवसपाळी, रात्रपाळी, सासूचं दुखणं, दोन पोरं, आणि या सगळ्यातून वेळ चोरून दवाखान्याच्या चादरींच्या खोलीत फोनवर अभ्यास. दवाखान्यात जंतुसंसर्ग रोखायच्या विभागाची प्रमुख व्हायचं होतं तिला. त्या जागेवर बसलेला डॉक्टर हात धुवायचा तो फक्त जेवणाआधी, आणि पदवी नव्हती म्हणून तहानीला त्याला काही बोलता येत नव्हतं. आता शेवटचा एकच पेपर उरला होता.

पेपर अर्धा झाला आणि वीज गेली. जायची वेळ संध्याकाळची जाहीर झाली होती, पण त्या दिवशी वीज उत्साहानं आधीच गेली. पाठोपाठ इंटरनेट गेलं. वीज परत आली तेव्हा पडद्यावर पेपरच्या जागी एक वाक्य होतं: 'विद्यार्थिनी परीक्षेतून स्वेच्छेने निघून गेली.' खाली बारीक अक्षरात सूचना होती, की हे सत्र संपण्याआधी फेरपरीक्षा न दिल्यास आधीचे सर्व विषय शिळे धरले जातील आणि पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागेल.

फेरपरीक्षा लाल ठिपक्याला होती. तहानी हिरवी होती. पेपर गेल्यानंतरच्या रविवारी सोबतीनं तिला विचारलं होतं आणि तिनं लिहिलं होतं, 'अल्हम्दुलिल्लाह, सगळं छान.'

हिल्मींनी तिला पडद्यावर बोलावलं. पडद्यात तिच्यामागे चादरींचे गठ्ठे दिसत होते.

"पोरी, सगळं छान असं लिहिलंस?"

"मग काय लिहू, उस्ताज?"

"लिहायचं, की माझं वाटोळं झालं."

तहानी म्हणाली, "उस्ताज, आमच्या वॉर्डात सात नंबरला एक आजी आहे. दोन्ही मूत्रपिंडं गेलीत तिची. रोज सकाळी विचारते मी, कशी आहेस आजी. ती म्हणते, देवाची कृपा, साखरेसारखी गोड आहे. आणि मी धडधाकट बाई, पेपरासाठी गळा काढू? उद्या देवानं पाहिलं तर?"

हिल्मींचं मतही तंतोतंत हेच होतं. तरी त्यांनी कर्तव्य म्हणून तिला समजावलं. देवाला मधे आणू नकोस, नुसती हकिकत लिही, म्हणाले. पुढच्या रविवारी तहानीनं मनाचा हिय्या करून लिहिलं: 'वीज गेली, पेपर गेला, अल्हम्दुलिल्लाह. सासूचा खुबा मोडला, अल्हम्दुलिल्लाह. झोप नाही, पण कुठल्याही परिस्थितीत अल्हम्दुलिल्लाह.' सोबतीनं मजकूर वाचला, कृतज्ञता तीनदा मोजली आणि तिचा ठिपका गडद हिरवा केला. हा रंग विद्यापीठात त्याआधी कुणालाच मिळाला नव्हता. 'इतरांना प्रेरणा देशील का?' असं विचारणारं पत्रही तिला आलं.

मग हिल्मींनी थेट उत्तरेला लिहिलं. तिथं गुनिला नावाच्या बाई विद्यार्थी-कल्याण समन्वयक होत्या. बाई मनानं फार चांगली. तिनं प्रत्येक ओळ वाचली, तिला मनापासून वाईट वाटलं आणि तिनं समिती नेमली. समितीत सगळ्या खंडांतले सदस्य होते. फक्त आमच्याकडचं कुणी नव्हतं, म्हणजे निःपक्षपातीपणा राहतो. समितीनं विषयाच्या मुळाशी जाऊन असा निष्कर्ष काढला, की या प्रदेशातले लोक 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतात तेव्हा ते आपलं दुःख दडपत असतात. यापुढे तो शब्द दुःखाचा धरावा.

पुढच्या रविवारी हिल्मींचे सगळे विद्यार्थी एका दमात लाल झाले. अस्वानपासून अलेक्झांड्रियापर्यंत हाहाकार माजला, असं निदान विद्यापीठाला वाटलं. एका विद्यार्थ्यानं बिचाऱ्यानं लिहिलं होतं, 'अल्हम्दुलिल्लाह, काल धाकटीचा साखरपुडा झाला.' त्याला दुपारी शोकसमुपदेशकाचा फोन आला. समुपदेशक हळू आवाजात म्हणाला, ही वेळही जाईल. मुलीच्या बापानं विचार करून सांगितलं, जावई तसा बरा वाटतो. हिल्मींचं प्रशस्तिपत्र विद्यापीठानं परत मागवलं. मूळ प्रत त्यांच्याकडे कधी आलीच नव्हती, तेव्हा त्यांनी ती न पाठवण्याबद्दल दिलगिरी कळवली.

पण तहानी लाल झाली होती, आणि हिल्मींना तेवढं पुरे होतं. तिनं फेरपरीक्षेचा अर्ज केला. उत्तर चटकन आलं. 'आपण पात्र आहात, अभिनंदन. तथापि आपण सध्या दुःखी असल्याने आपले ताणापासून संरक्षण करणे विद्यापीठाचे कर्तव्य आहे. परीक्षा हा ताण आहे. आपला ठिपका हिरवा होताच परीक्षा घेतली जाईल.'

"आणि हिरवी झाले की?" तहानीनं विचारलं.

"की फेरपरीक्षेची गरज उरत नाही," हिल्मी म्हणाले.

इकडे आड, तिकडे विहीर. तहानी हसली. ते हसणं हिल्मींना अजिबात आवडलं नाही. त्यांना जेवण गोड लागेना. सत्र संपायला आलं होतं, आणि आपल्या डोळ्यांदेखत ही पोरगी बुडते आहे आणि आपण काठावर उभं राहून तिचं भावनिक सातत्य बघतो आहोत, या विचारानं त्यांना स्वतःचीच चीड येत होती.

शेवटी वाट गुनिलानंच काढली. नियमांच्या तळाशी तिला एक कलम सापडलं. मार्गदर्शक स्वतःच लाल असेल, तर त्याच्या विद्यार्थ्यांना योग्य मार्गदर्शन मिळालं नाही असं धरतात आणि ज्यांची परीक्षा हुकली त्यांची ती पुन्हा घेतात, मग ठिपका कुठल्याही रंगाचा असो. अट एवढीच, की मार्गदर्शकाला पडद्यावर समोरासमोर विचारायचं. तिनं हिल्मींना खासगीत कळवलं, की मी एकच प्रश्न विचारीन आणि तुमचं पहिलं उत्तर धरलं जाईल. नंतरची उत्तरं माणूस विचार करून देतो, म्हणून विद्यापीठ त्यांना प्रामाणिक मानत नाही. तेव्हा कृपा करून तयारीनं या.

हिल्मींनी तयारी सुरू केली. समीहा कोबीच्या पानांत भात भरत बसली होती. तिला त्यांनी गुनिला केलं.

"हाऊ आर यू?" समीहा म्हणाली.

"आय अॅम नॉट वेल," हिल्मी म्हणाले.

समीहाचा हात पानावरच थांबला. "तोंडाला काही लगाम, हिल्मी? भरल्या घरात असलं बोलतोस. लाकडाला तरी हात लाव."

हिल्मींनी मुकाट्यानं टेबलाला हात लावला आणि तिला समजावलं. हे सगळं इंग्रजीत बोलायचं आहे. इंग्रजीतलं वर लगेच पोचत नसणार. तिथं त्याचं भाषांतर होईपर्यंत आपलं काम झालेलं असेल, पोरीचा पेपर झालेला असेल, मग आपण दोन जास्तीचे नमाज पढून माफी मागू. समीहाला हे पटलं नाही, पण तहानीचं तिलाही वाईट वाटत होतं. तिनं पुन्हा विचारलं. भात भरताना, भांडी घासताना, गॅलरीतून दोरीनं भाजीची टोपली खाली सोडताना, जेव्हा सुचेल तेव्हा ती ओरडायची, हाऊ आर यू, आणि हिल्मी असतील तिथून ओरडायचे, नॉट वेल. खालच्या मजल्यावरची बाई सूप घेऊन आली. समीहानं तिला सांगितलं, काही नाही गं, अल्हम्दुलिल्लाह, नोकरीचं काम आहे.

एकदा मात्र समीहानं हातातलं पान खाली ठेवलं आणि आपल्या भाषेत विचारलं, "अरे माणसा, तू खरंच बरा नाहीस का?"

हिल्मींनी मनाशी हिशोब केला. गुडघा दुखत होता. झोप उडाली होती. शाळेत होते तेव्हा निदान फळ्यावर तरी काही लिहिता यायचं, आता नुसते ठिपके बघायचे, याचं दुःख त्यांना आतून खात होतं. बरे नव्हतेच ते. म्हणजे खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. नुसतं खरं बोललं तरी काम होणार होतं.

"छे, देवाची कृपा," ते म्हणाले. "गुडघा जरासा."

मुलाखतीचा दिवस उजाडला. हिल्मी कोट घालून बसले. ओठांवर ते तीन-चार इंग्रजी शब्द तयार होते. तिकडे दवाखान्यात तहानी चादरींच्या खोलीत फोन हातात धरून उभी होती. पडदा उजळला. गुनिलाबाई दिसल्या, त्यांचे गाल आनंदानं लाल झाले होते. आता एक सांगायला हवं. झाल्या प्रकारानं बाईंना फार लाज वाटली होती. या लोकांना आपण त्यांच्या भाषेत कधी विचारलंच नाही, म्हणून हा घोळ झाला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं, आणि गेले कित्येक दिवस त्या गुपचूप आमची बोली शिकत होत्या. त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला, मान किंचित झुकवली आणि एकेक अक्षर जपून उच्चारत म्हणाल्या, "इझय्यक, या उस्ताज हिल्मी?"

म्हणजे, कसे आहात, मास्तर?

एवढ्या लांबून एक परकी बाई आपल्या भाषेत विचारते आहे. हिल्मींना भरून आलं. ते खुर्चीतून अर्धे उठले, हात छातीकडे गेला, आणि उभ्या जन्माची जीभ आपणहून वळली.

"अल्हम्दुलिल्लाह! एकदम झकास! तू कशी आहेस, पोरी? घरचे सगळे ठीक? आई बरी आहे ना?"

टुण्‌ असा आवाज झाला आणि हिल्मींच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटला. 'अल्हम्दुलिल्लाह'चा दुःखाचा नवा अर्थ विद्यार्थ्यांपुरताच होता. मार्गदर्शकांसाठी समिती अजून बसायची होती. स्वयंपाकघराच्या दारात समीहानं कपाळावर हात मारला.

गुनिलाबाईंचा चेहरा पडला. पण प्रश्न त्यांनाही विचारला गेला होता, आणि त्यांच्या देशात विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देतात. "खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "मी अजिबात बरी नाहीये." सोबतीनं हेही ऐकलं, बाईंना लाल ठिपका दिला आणि त्याच क्षणापासून त्यांना सक्तीच्या विश्रांतीवर पाठवलं. सत्र संपेपर्यंत त्यांच्या जागी कुणी नव्हतं, त्यामुळे दाद कुणाकडे मागायची हा प्रश्नही निकालात निघाला.

सत्र संपलं. तहानीचे तीन वर्षांचे विषय नियमानुसार शिळे झाले.

आता ती विद्यार्थिनी राहिली नव्हती, तेव्हा प्रत्यक्ष भेटायला कुणाची हरकत नव्हती. एका शुक्रवारी ती बस्बूसाचा, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांचा, डबा घेऊन हिल्मींच्या घरी आली. घर तिच्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर निघालं. समीहानं विचारलं, कशी आहेस, तर म्हणाली, अल्हम्दुलिल्लाह. हिल्मींनी विचारलं, तर म्हणाली, देवाची कृपा, सासूबाई काठी घेऊन चालतात आता. चहा झाला, दुसरा चहा झाला. हात न धुणाऱ्या डॉक्टराच्या नकला करून तिनं दोघांना हसवलं. मग ती उठली, दारात गेली आणि एका पायात बूट घालून भिंतीला टेकून थांबली.

"उस्ताज," ती खाली बघत म्हणाली, "मला फार वाईट वाटतंय हो. चादरींच्या खोलीत जाऊन रडते मी. पोरांना वाटतं, आईला बढती मिळणार आहे."

हिल्मी म्हणाले, चूक माझी आहे, माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

"तुमची कसली चूक? मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं." तिनं दुसरा बूट घातला, डोळे पुसले. "पहिल्या धड्यापासून पुन्हा नाव घातलंय मी. तुम्हालाच मार्गदर्शक मागितलंय." आणि जिना उतरून गेली.

त्या रविवारी सोबतीनं नव्या विद्यार्थिनीचं स्वागत करून विचारलं, आज तू कशी आहेस. तिनं काय लिहिलं ते सांगायला नको.

तुम्ही मघापासून हसता आहात. काय ही माणसं, असंही मनात म्हणाला असाल. हसा, हरकत नाही. त्याआधी, माणुसकीच्या नात्यानं सहज विचारतो. काय, कसं काय? बरं चाललंय ना सगळं?

झालं. तोंडात जे आलं ते आम्ही नोंदवून घेतलं आहे. पहिलंच उत्तर धरतात. फेरपरीक्षेसाठी कृपया अर्ज करू नये.